पोचे आलेला डबा

नववीत माझा डबा अ‍ॅल्युमिनियमचा होता. आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आपल्याकडची कडक भाकरी दप्तरात कितीही आपटली तरी शाबूत राहायची, पोचे यायचे ते डब्याला. गड्ड्याची (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची) सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी तोच डबा उचलला, अंगठ्याने दाबून आणखी एक पोचा पाडला आणि विचारलं, "याचं विमान होईल काय रे?" सगळा वर्ग हसला. मी सोडून.

त्याआधी सरांनी शिवणाच्या दोन सुया स्पिरिटच्या दिव्यावर लाल केल्या होत्या. एक पाण्यात टाकली, दुसरी ज्योतीतून हळूहळू वर घेत गार होऊ दिली. पाण्यातली वाकवायला गेलो तर टक्कन मोडली. दुसरी तारेसारखी वळली. "काय बे, एकाच पुडीतल्या ना ह्या?" मागच्या बाकावरून आवाज आला. वडील गिरणीत फिटर, त्यामुळे छिन्नीला 'पाणी देणे', म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून कडक करणं, हा शब्द मला घरचाच होता. पाण्याने नेमकं काय होतं, ते मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. १८६८ साली इंग्लंडात रॉबर्ट मुशेट यांनी टंगस्टन घातलेलं असं पोलाद केलं, की ते नुसत्या हवेत गार होऊनही कडक व्हायचं, हेही सरांनी जाता जाता सांगितलं.

मग विमानाची गोष्ट. बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म नावाचे धातुतज्ज्ञ अ‍ॅल्युमिनियम कडक करायच्या खटपटीत होते. पोलादाला पाणी देतात तसं यालाही द्यावं, हा त्यांचा हिशोब. सुमारे चार टक्के तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलेला मिश्रधातू पाचशे अंशांच्या वर तापवून त्यांनी पाण्यात बुडवला. शनिवारी कडकपणा मोजला तर बेताचाच. सोमवारी तोच तुकडा पुन्हा मोजला, तर आकडा चांगलाच चढलेला! मधल्या सुट्टीत त्याला कुणी हातही लावला नव्हता. हे १९०६ चं. १९०९ पासून ड्युरेन गावच्या कारखान्यात तो धातू 'ड्युरालुमिन' नावाने बनू लागला आणि पुढे झेपलिन या वायू भरलेल्या हवाई जहाजांचे सांगाडे त्याचेच झाले. गंमत म्हणजे हे का घडतं, याचा उलगडा अमेरिकेत १९१९ मध्ये झाला. तापवल्यावर तांबं अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतं. एकदम गार केलं की त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, आणि मग ते आतल्या आत बारीक बारीक कणांनी गोळा होत धातूचे थर सरकणं अडवतं.

पुढे मी विमानांच्या एका कारखान्यात लागलो. पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये फ्रिज दिसला. तहान लागली होती, उघडला. आत बाटल्या नव्हत्या, पत्र्याच्या डब्यांत रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, भरलेले. "पाणी तिकडे, माठात," सुपरवायझर ओरडले. भट्टीतून पाण्यात टाकलेले ते अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे रिव्हेट बाहेर राहिले तर कडक होतात आणि ठोकताना चिरतात, म्हणून थंडीत ठेवायचे. बाहेर काढले की घाईने ठोकायचे. उशीर झाला तर परत भट्टी. विल्मचा सोमवार आम्ही फ्रिजमध्ये डांबून ठेवला होता!

पुढच्या गड्ड्याला गावी आलो तेव्हा हे सांगायला मुद्दाम सरांच्या घरी गेलो. वाटलं, खूश होतील. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्रिजमध्ये किती दिवस मऊ राहतात?"

मला सांगता येईना. रजा संपवून कामावर गेलो आणि डबा ठेवायच्या आधी सुपरवायझरांना तेच विचारलं.