तुम्ही विचारलंत म्हणून: धारा, शेत आणि वस्तीवरची कुत्री

वस्तीवर राहणारी किंवा राहायला जाऊ पाहणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. गाई-म्हशींच्या धारा, शेतातली कामं, घरचं सगळं, त्यात पुन्हा कुत्री. एवढ्याला वेळ कुठून आणायचा? विचारणारा जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यातला असला की पुढे आणखी एक प्रश्न असतो. बिबट्या कुत्रीच उचलून नेतो, मग ती ठेवायची तरी कशाला?

आधी वेळेचं सांगतो. कुत्र्यांसाठी वेगळा वेळ काढू म्हणाल तर तो कधीच निघणार नाही. पण गोठ्यात दोन वेळच्या धारा ठरलेल्या असतात, त्या चुकवता येत नाहीत. कुत्र्यांना सोडणं, तपासणं, खाऊ घालणं आणि कोंडणं ही चारही कामं त्या दोन वेळांना बांधून टाकायची. मग दिवसाला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्यातली संध्याकाळची वीस मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत. कारण वस्तीवरची बरीच कुत्री दिवेलागणीनंतर कुणी कोंडली नाहीत म्हणून जातात.

वस्तीवरच्या कुत्र्याचं काम खबर द्यायचं आहे, लढायचं नाही. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात भक्ष्य म्हणून पाळीव कुत्रा सगळ्यांत वरच्या क्रमांकावर निघाला. तरीही आपल्याकडे कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधतात. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि लपताही येत नाही. हिमालयातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो. पण ती दांडगी कुत्री असतात आणि त्यांच्याजवळ माणसं झोपलेली असतात. आपल्या वीस किलोच्या गावठी कुत्र्याला नुसता पट्टा घालून बाहेर ठेवू नका. ते रात्री पिंजऱ्यातच हवं. भुंकायचं काम ते आतूनही तेवढंच चोख करतं.

दोन कुत्र्यांना सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पिंजरा पुरतो. जाळी वेल्डमेशची, म्हणजे सांध्यांवर वेल्ड केलेल्या जाड तारांची घ्या आणि तिचा चौकोन एक इंचाचा असू द्या. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी पंज्याच्या एका फटक्यात फाटते. कुंपणाची चेनलिंक वाकते आणि खालून उचलली जाते. चौकोन मोठा असला तर पंजा आत जातो आणि झोपलेलं कुत्रं ओढलं जातं. वर नुसता पत्रा पुरत नाही, पत्र्याखालीही जाळी ठोका. तळाला शहाबादी फरशी किंवा कोबा करा आणि एका बाजूला थोडा उतार ठेवा, म्हणजे धुतलेलं पाणी वाहून जातं. कड्या दोन लावा, एक वर आणि एक खाली. जागा घराच्या नि गोठ्याच्या मधली, खिडकीतून दिसणारी निवडा. ऊस, मका, गिन्नी गवत यांच्यापासून निदान पंचवीस-तीस फूट मोकळं रान राहू द्या. तेवढ्या मोकळ्या जागेत काही आलं तर कुत्र्यांना आधी दिसतं आणि तुम्हाला ऐकू येतं.

सकाळी पहिली धार पहाटे अंधारात असते. तेव्हा कुत्री सोडायची नाहीत. ती नीट उजाडल्यावर, दूध संकलन केंद्रावर जायच्या आधी सोडायची. सोडताना एकेकाच्या अंगावरून हात फिरवा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचीड बसते. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या, कुत्रं मलूल झालं आणि लघवी गडद आली, तर गोचीड-तापाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जनावरांवर फवारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका. प्रमाण वेगळं असतं, आणि कुत्रं अंग चाटून ते पोटात घेतं. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळं पाहा. कुसळाचं टोक पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांत शिरलं की पाय सुजतो, कानात शिरलं की कुत्रं एका बाजूला मान वाकडी करून डोकं झटकत राहतं. बोटांतलं दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा. कानातलं घरी उकरू नका, ते आणखी खोल जातं.

खाण्याचा हिशोब बहुतेक ठिकाणी चुकतो. कुत्र्याला उरलेली भाकरी मिळते, आणि उरलं नाही त्या दिवशी काहीच नाही. दिवसभर हिंडणाऱ्या वीस किलोच्या कुत्र्याला साधारण १२०० ते १३०० कॅलरी लागतात. ज्वारीच्या शंभर-एक ग्रॅम पिठाची भाकरी ३०० च्या आसपास देते. तीन भाकरी, दोन उकडलेली अंडी, पाव लिटर ताक आणि वर मोठा चमचाभर गोडेतेल एवढ्यात एका दिवसाचं भागतं. नुसत्या भाकरीवर ठेवलेलं कुत्रं दिसायला भरलेलं दिसतं, पण केस राठ होतात, जखमा लवकर भरत नाहीत आणि ते उकिरड्यावर जायला लागतं. वाढत्या पिल्लांना वजनाच्या मानाने जवळजवळ दुप्पट आणि पाजणाऱ्या कुत्रीला याच्या दुप्पट-तिप्पट लागतं. त्यांना कोंबडीच्या दुकानातला कलेजी-पेटा आणून नीट उकडून घाला. शिजवलेली हाडं देऊ नका, ती टोकदार फुटून आतड्यात रुततात. कांदा-लसणाची आमटी भाकरीवर ओतू नका, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक सांभाळायचं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो, म्हणून बेदाण्याच्या शेडमध्ये कुत्रं मोकळं सोडू नका.

दिवसाच्या खाण्याचा एक तृतीयांश सकाळी आणि बाकीचं संध्याकाळी, असं वाढा. संध्याकाळचं खाणं दुसऱ्या धारेनंतर, अंधार पडायच्या आत आणि पिंजऱ्यात द्या. कुत्रं भाकरीसाठी आपणहून आत जातं, मागून कडी लावली की काम झालं. रोज हाका मारत, पळापळ करत कोंडावं लागत असेल, तर खाणं आधीच बाहेर मिळतंय एवढाच त्याचा अर्थ. भांडं सकाळी धुवायचं. रात्रभर बाहेर राहिलेल्या खरकट्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात आणि गावातली मोकाट कुत्री येतात. त्या कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो.

गोठा आणि कुत्रं यांच्यामध्ये काही नियम कडक हवेत. गाय व्याली की जार (वासरामागून पडणारी वार) तीन फूट खोल पुरा. जार खायची चटक लागलेलं कुत्रं पुढच्या वेळी विणाऱ्या गाईच्या मागेच उभं राहतं. शिवाय त्यातून निओस्पोरा नावाचा परजीवी कुत्र्यात येतो, त्याच्या विष्ठेतून वैरणीत उतरतो आणि गाई गाभडतात. म्हणून कडब्याच्या गंजीवर आणि मुरघासाच्या खड्ड्यावर कुत्र्यांना झोपू देऊ नका. शेळ्या-मेंढ्या असतील तर जत्रेला बकरं कापल्यावर फुफ्फुस, काळीज, मुंडी कच्ची टाकायची पद्धत बंद करा. त्यातल्या पाण्याच्या गाठींमधून फीतकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतात आणि त्यांची अंडी पुन्हा चाऱ्यावर येतात. मग मेंढीच्या मेंदूत गाठ होते आणि ती एकाच बाजूला गोल फिरत राहते. दुसऱ्या जातीच्या कृमीने माणसाच्या यकृतात गाठ होते, तिला बहुतेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. द्यायचंच असेल तर अर्धा तास खळखळ उकळून द्या.

जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, आणि तिच्यात प्राझिक्वांटेल आहे ना हे पाहून घ्या, कारण साध्या गोळीने हे फीतकृमी जात नाहीत. तारीख लक्षात राहत नसेल तर सणाला बांधा: अक्षय्य तृतीया, नागपंचमी, दिवाळी, संक्रांत. अंतर जवळजवळ बरोबर पडतं. लसीचं मात्र सणावर सोडू नका. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या. रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. लस तालुक्याहून आणत असाल तर थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, कारण ती २ ते ८ अंशांतच टिकते. कोकणात आणि भातपट्ट्यात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) लसही डॉक्टरांना विचारून घ्या. ऊसतोड सुरू झाली की टोळ्यांबरोबर नवी कुत्री येतात. तुमच्या पिल्लांच्या लसी त्याआधी पूर्ण झालेल्या बऱ्या.

शेतकामाच्या वेळी कुत्रं कुठे आहे हे बघणं ही मात्र रोजची जबाबदारी. रोटाव्हेटर चालतो तेव्हा उंदीर बाहेर पडतात आणि कुत्रं त्यांच्यामागे थेट पात्यांखाली जातं. त्या दिवशी, आणि मळणीच्या किंवा कुट्टी यंत्राच्या वेळी, कुत्री पिंजऱ्यात. फवारणी केलेल्या वावरात दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नका. पंप धुतलेलं पाणी आणि युरिया कालवलेली बादली उघडी ठेवू नका, त्याने गाईही मरते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष लावत असाल तर ते बिळात आत सारून तोंड बुजवा आणि मेलेले उंदीर सकाळी गोळा करून पुरा. असं आमिष खाल्लेल्या कुत्र्याला दूध किंवा भाकरी देऊन विष उतरवायला जाऊ नका. अन्नाने पोटात आम्ल वाढतं आणि विषारी वायू जास्त तयार होतो. कीटकनाशक गेलं असेल तर लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं. त्यावर अॅट्रोपिन नावाचं उताऱ्याचं औषध लागतं, ते डॉक्टरच देतात. पाकीट किंवा डबा सोबत घेऊन जा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ गोठ्याच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.

शेततळ्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. प्लास्टिक कागदाचा उतार ओला झाला की त्यावर नखं ठरत नाहीत. पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं काठाला पोहत येतं आणि घसरून परत जातं, थकून बुडेपर्यंत. माणसांचंही हेच होतं. चारी कोपऱ्यांना वरच्या खुंटाला बांधलेला जाड दोर सोडा, त्याला दर फुटावर गाठ मारा. एका बाजूला जुनी मासेमारीची जाळी कागदावर पसरून पाण्याच्या पातळीखालपर्यंत जाऊ द्या. दोर माणसाला उपयोगी पडतो, कुत्रं जाळीवरून चढतं.

कुत्री किती ठेवायची, यावर माझं मत स्पष्ट आहे: दोन. एकटं कुत्रं सोबतीसाठी गावाकडे पळतं. तीन-चार झाली की टोळी बनते आणि शेजारच्या शेळ्यांमागे लागते. गावठी मादी वस्ती धरून राहते, दुसरा नर घ्या आणि दोघांची नसबंदी करा. ती केली नाही तर मादी माजावर आली की आसपासचे सगळे नर रात्रभर तुमच्या अंगणात असतात. कारवानी किंवा मुधोळ जातीचं देखणं कुत्रं राखणीसाठी घ्यायची हौस अनेकांना असते. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं हे कुत्रं भारतीय सैन्यानेही घेतलं आहे आणि वेगात त्याला तोड नाही. पण त्याची नजर पळत्या गोष्टीवर असते. ससा उठला की ते दोन शिवारं ओलांडून जातं. सशामागे कुत्री सोडणं ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकारच आहे, हेही ध्यानात असू द्या.

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर आणा आणि पुढचे दोन महिने त्याचा पिंजरा करडांशेजारी ठेवा. बाहेर असताना गळ्यात पाच मीटरची हलकी दोरी राहू द्या. कोंबडीमागे धावलं की दोरीवर पाय ठेवायचा, नाव घेऊन बोलवायचं, आलं की भाकरीचा तुकडा. मारून शिकवलेलं कुत्रं हाकेला येत नाही, आणि हाकेला न येणारं कुत्रं संध्याकाळी कोंडता येत नाही.

मग त्यांचं भुंकणं ऐकायला शिका. माणूस येत असेल तर भुंकणं एकसारखं आणि रस्त्याकडे तोंड करून असतं. साप असेल तर एकाच जागी, पुढे-मागे उड्या मारत, चिरक्या आवाजात. बिबट्या जवळ असला की भुंकणं मध्येच तुटतं, कुत्रं कुईकुई करत शेपूट पोटाखाली घालून पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात दबतं. अशा वेळी बॅटरी घेऊन एकट्याने बाहेर पडू नका. आतूनच दिवे लावा, पत्रा वाजवा, मग दोघं मिळून बाहेर या. शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असली आणि उसाला दारं धरायला (पाणी द्यायला) जायचं असलं, तर सोबतीला म्हणून कुत्रं नेऊ नका. त्या वेळी बिबट्याला ओढून आणणारं तेच असतं. दुसरा माणूस आणि मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी, ही सोबत बरी.

कुणालाही कुत्रं चावलं किंवा ओरखडा लागून रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. घरचं, लस दिलेलं कुत्रं असलं तरी जा. पिसाळलेल्या कुत्र्याने गाय चावली तर तिलाही चावल्यानंतरची लस देता येते. ती पहिल्या दिवसापासूनच सुरू व्हावी लागते.

लग्नाला, यात्रेला घर बंद करून जायचं तर धार काढायला माणूस आधी बघता. त्याच माणसाला कुत्र्यांचं खाणं, दोन्ही कड्या आणि अंधाराआधीची वेळ समजावून द्या. निघायच्या दोन दिवस आधी त्याच्याच हातून, तुमच्यासमोर, एकदा कोंडून घ्या. कुत्री परक्या हाताने आत जातात की नाही हे तेव्हाच कळतं. जात नसतील तर आणखी एक-दोन संध्याकाळी त्यालाच भाकरी घालू द्या.