केशरी सूर्य पिवळा का पडतो : ब्रॅकेटिंग आणि रंगसंतुलनाविषयी

मुंबईच्या किनाऱ्यावरून टिपलेल्या सूर्यास्ताच्या छायाचित्रांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. सूर्यबिंबाच्या जागी कोरा पांढरा ठिपका असतो, त्याभोवती फिकट पिवळे कडे असते आणि त्या कड्याबाहेर एकदम गडद केशरी आकाश सुरू होते. तिथे उभ्या असलेल्या माणसाने असे कडे पाहिलेले नसते. त्याला दिसलेला केशरी रंग बिंबाच्या दिशेने हळूहळू उजळत गेलेला असतो. ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजरची (कॅमेऱ्यात शिरू दिलेल्या प्रकाशाची) छायाचित्रे लागोपाठ घेणे, हे बहुतेक ठिकाणी काळोखातला तपशील वाचवण्याचा उपाय म्हणून शिकवले जाते. मरीन ड्राइव्ह, वरळी आणि वांद्र्याचा बँडस्टँड इथे छायाचित्रे काढता काढता माझे मत मात्र असे झाले आहे की, पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या या शहरात तरी ते आधी रंग वाचवण्याचे तंत्र आहे आणि मग तपशील वाचवण्याचे.

त्या पिवळ्या कड्याचे कारण कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या रचनेत आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगगाळण्यांची एक जाळी बसवलेली असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांना तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. या जाळीतल्या प्रत्येक चार घरांपैकी दोन हिरवी, एक लाल आणि एक निळे असते. प्रत्येक घराची प्रकाश साठवण्याची एक कमाल मर्यादा असते आणि तिथपर्यंत नोंदवला जाणारा आकडा प्रकाशाच्या प्रमाणात वाढत जातो. मर्यादा आली की प्रकाश कितीही वाढला तरी आकडा तिथेच थांबतो. केशरी रंगात लाल भरपूर, हिरवा मध्यम आणि निळा अगदी थोडा असतो. एक्स्पोजर वाढवत नेले की लाल आधी छताला टेकतो, हिरवा मात्र वाढतच राहतो आणि दोघे जवळजवळ समान झाले की आपल्याला पिवळा दिसतो. त्यापुढे निळाही भरला की सगळे पांढरे होते. म्हणजे लाल आणि हिरव्याचे मूळ गुणोत्तरच फाइलमध्ये उतरलेले नसते, आणि जे उतरलेले नाही ते संगणकावरची कोणतीही पट्टी सरकवून परत मिळत नाही. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. त्या भागासाठी दोन किंवा तीन स्टॉप कमी एक्स्पोजरचे दुसरे छायाचित्र जवळ असेल तरच तो रंग हाती राहतो.

इथे कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर दिसणाऱ्या हिस्टोग्रामवर, म्हणजे चित्रात उजळ-काळोखे भाग किती हे दाखवणाऱ्या आलेखावर, किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न येतो. आपण रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) घेत असलो तरी तो आलेख कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेग प्रतिमेवरून काढलेला असतो आणि त्या प्रतिमेवर निवडलेल्या व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेल्या रंगसंतुलनाचा, परिणाम आधीच झालेला असतो. दिवसाच्या प्रकाशाच्या सेटिंगमध्ये कॅमेरा लाल चॅनेलचे आकडे बरेच वाढवून घेतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळी पडद्यावर लाल फुटलेला दिसतो, पण रॉ फाइलमध्ये अनेकदा अजून थोडी जागा शिल्लक असते. हे माहीत नसेल तर माणूस घाबरून नको तितके एक्स्पोजर कमी करतो. केवळ काळ्या-पांढऱ्या एकत्रित आलेखाकडे पाहणारा याच्या उलट फसतो, कारण त्यात लाल चॅनेल भरल्याचे कळतच नाही. तिन्ही चॅनेलचे वेगळे आलेख दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते आणि ती सुरू ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

काळोखाच्या बाजूलाही प्रश्न रंगाचाच आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पातळ्या असतात आणि सेन्सरची नोंद सरळ प्रमाणात असल्यामुळे त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ पातळ्या, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला जातात. प्रत्येक पुढच्या काळोख्या स्टॉपला त्याच्या निम्म्या. आकाश सांभाळून घेतलेल्या छायाचित्रात बँडस्टँडचा काळा कातळ अगदी तळाच्या मोजक्या पातळ्यांमध्ये दाबला जातो. तो संगणकावर चार स्टॉप वर ओढला की करडा दगड दिसण्याऐवजी जांभळट आणि हिरवट डाग उमटतात, कारण तिथे खऱ्या प्रकाशाच्या तुलनेत गोंगाट (सेन्सरमधले नको असलेले रंगकण) जास्त असतो आणि तो तिन्ही चॅनेलमध्ये सारखा नसतो. ओल्या कातळावर आकाशाची जी निळसर झाक असते, ती हवी असेल तर कातळासाठी वेगळे, जास्त एक्स्पोजरचे छायाचित्र घ्यावे लागते.

माझी नेहमीची मांडणी उणे दोन, शून्य आणि अधिक दोन स्टॉप अशी आहे. बदल फक्त शटर स्पीडमध्ये करावा. अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) बदलले की फोकसची खोली बदलते आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) बदलला की गोंगाट बदलतो. चांगले आधुनिक सेन्सर मूळ आयएसओवर तेरा-चौदा स्टॉपच्या आसपास डायनॅमिक रेंज (एकाच वेळी टिपता येणारा उजेड-काळोखाचा पल्ला) देतात, त्यामुळे सूर्य ढगाआड किंवा क्षितिजाखाली गेला की नीट मोजून घेतलेली एक रॉ फाइल बहुधा पुरते. सात-सात छायाचित्रांच्या मालिका मला निरर्थक वाटतात. त्यांनी कार्ड भरते आणि लाटांच्या सात वेगळ्या जागा जुळवत बसावे लागते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य तिरका न जाता बराच सरळ खाली उतरतो आणि क्षितिजाखाली सहा अंश जायला त्याला साधारण वीस-पंचवीस मिनिटेच लागतात. त्यामुळे मालिका स्वयंचलित पद्धतीने, क्षणार्धात पूर्ण व्हावी. हाताने चक्र फिरवत बसले तर ढगांचा रंगच दोन छायाचित्रांमध्ये वेगळा येतो.

आकाश आणि समुद्र एका एक्स्पोजरमध्ये बसत नाहीत, ही अडचण मुळीच नवी नाही. १८५०च्या दशकात फ्रान्सच्या किनाऱ्यावर ग्युस्ताव्ह ल ग्रे यांच्यापुढे तीच होती. तेव्हाच्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे समुद्राला पुरेसा वेळ दिला की आकाश कोरे पांढरे येई. आपल्या काही समुद्रचित्रांसाठी त्यांनी आकाशाची आणि पाण्याची वेगळी निगेटिव्ह घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापली. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी अनेक एक्स्पोजरवरून दृश्यातल्या प्रकाशाची प्रत्यक्ष मूल्ये काढण्याची गणिती पद्धत मांडली आणि आज आपण ज्याला एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणतो त्याचा पाया त्यातून घातला गेला. मला स्वतःला त्यानंतरची, २००७ मधली मर्टेन्स, काउत्झ आणि व्हॅन रीथ यांची एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत अधिक भावते. तीत प्रत्येक बिंदूसाठी कोणत्या छायाचित्राला किती वजन द्यायचे हे तीन निकषांवर ठरते : तिथला कॉन्ट्रास्ट, एक्स्पोजर मध्यम आहे की टोकाचे, आणि रंगाची संपृक्तता. फुटलेल्या भागात रंग फिका पडतो म्हणून त्या छायाचित्राचे वजन तिथे आपोआप घटते. एचडीआरच्या नावाखाली जांभळे ढग आणि निऑनसारखे कातळ दाखवणाऱ्या चित्रांपेक्षा या पद्धतीचा निकाल संयत असतो.

मात्र छायाचित्रे एकत्र करण्याआधी त्यांचे रंगसंतुलन एकच असले पाहिजे. ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक छायाचित्राचा स्वतंत्र विचार करतो. गडद छायाचित्रात त्याला केशरी आकाशच दिसते, उजळ छायाचित्रात करडा कातळ दिसतो, आणि तो दोन्हींना वेगळे केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे तापमान सांगणारा आकडा) लावू शकतो. रॉमध्ये हे नंतर बदलता येते हे खरे, पण सर्व फाइलींना एकच आकडा देण्याचे विसरून जोडणी केली तर ढगांच्या कडांवर रंगांचे पट्टे उमटतात. शिवाय ऑटोचा स्वभावच असा आहे की जो केशरी टिपायला आपण गेलो, तोच त्याला दोष वाटतो आणि तो त्याला निळ्याकडे ढकलतो. म्हणून मी सूर्यास्ताला सरळ ५५०० केल्विन, म्हणजे भर दिवसाच्या उन्हाचे संतुलन ठेवतो. मेणबत्तीचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपास, घरगुती पिवळ्या बल्बचा २७००च्या आसपास आणि ढगाळ आकाशाचा ६५००च्या आसपास धरतात. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा. कॅमेऱ्यावर मोठा आकडा लावला की चित्र मात्र पिवळसर होते, कारण कॅमेरा त्या निळेपणाची भरपाई करत असतो.

अंधार पडू लागल्यावर मरीन ड्राइव्हवर खरी गुंतागुंत सुरू होते. पूर्वी तिथे सोडियमचे दिवे होते. त्यांचे तापमान सुमारे २१०० केल्विन धरले जाते, पण त्यांच्या प्रकाशात निळा भाग जवळजवळ नसतोच, त्यामुळे व्हाइट बॅलन्सची पट्टी कुठेही नेली तरी त्याखालचे रंग परत येत नाहीत. २०१५ मध्ये हे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा क्वीन्स नेकलेसचा, म्हणजे मरीन ड्राइव्हवरच्या दिव्यांच्या रांगेचा, सोनेरी रंग हरपल्याची ओरड झाली, वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे पिवळसर छटेचे एलईडी आले. भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी छायाचित्रकाराच्या दृष्टीने हे पिवळसर एलईडी सोडियमहून कितीतरी सोयीचे आहेत. त्यांच्यात निळा भाग असल्यामुळे पदपथ, झाडे आणि माणसांचे कपडे यांचे रंग ओळखू येतात. आकाश गडद निळे आणि रस्ता पिवळा, अशा वेळी एकच केल्विन दोघांना न्याय देत नाही. मी एकाच रॉ फाइलच्या दोन प्रती काढतो, एक आकाशासाठी ५००० केल्विनच्या आसपास आणि दुसरी रस्त्यासाठी ३५००च्या आसपास, आणि मास्क (चित्राचा हवा तेवढाच भाग दाखवणारे आवरण) लावून त्या जोडतो. रस्त्याचा पिवळेपणा पूर्ण घालवण्याचा मोह टाळावा. पांढराफेक मरीन ड्राइव्ह ओळखू येत नाही.

केल्विनची पट्टी फक्त निळा आणि पिवळा यांच्यामध्ये फिरते, हे सर्वांत स्पष्टपणे कान्हेरीला कळते. पावसाळ्यात तिथल्या एखाद्या लेण्याच्या आतून बाहेर पाहिले की आतला कातळ आणि बाहेरचे रान यांत प्रचंड अंतर असते, म्हणून ब्रॅकेटिंग लागतेच. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, त्यामुळे कोपर खांबाला टेकवून वेगाने मालिका घ्यायची आणि जुळवणी संगणकावर सोडायची. पण आत येणारा प्रकाश झाडांच्या पानांवरून परतून आलेला असतो आणि दगडावर हिरवी झाक पडते. ती काढण्यासाठी केल्विन कितीही हलवला तरी उपयोग होत नाही; त्यासाठी हिरवा आणि मजेंटा यांच्यामधली टिंटची दुसरी पट्टी वापरावी लागते, तीही फक्त आतल्या भागापुरती, नाहीतर बाहेरचे रान तपकिरी होते. ही झाक किती ठेवायची हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे. मी बरीच ठेवतो.

हिवाळ्यातल्या धुरकट संध्याकाळी यातले बरेच काही लागत नाही. सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच तांबड्या तबकडीसारखा मंद होतो, नुसत्या डोळ्यांना सौम्य भासतो (तरी टेलिफोटो लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे पाहू नये) आणि तबकडी व आकाश दोन्ही एकाच छायाचित्रात बसतात. तेव्हा फक्त लाल चॅनेलवर लक्ष ठेवावे.

हे सगळे जुळवताना संगणकाचा पडदा कॅलिब्रेट केलेला (रंग मोजून जुळवलेला) आणि ६५०० केल्विनवर असावा, कारण एसआरजीबीचा (पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगपद्धतीचा) पांढरा रंग तोच मानला जातो. रात्री काम करत असाल तर पडदा पिवळसर करणारा नाइट लाइट आधी बंद करा. तो सुरू असताना संतुलित वाटलेला केशरी रंग सकाळी हमखास निळसर आणि थंड दिसतो.