अ‍ॅल्युमिनावरून इथिलीन : चौथ्या खेपेला वायू मोजला

तापलेल्या अ‍ॅल्युमिनावरून (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) इथेनॉलची वाफ नेली की तिच्यातून पाणी निघून इथिलीन वायू होतो; तेच मी करून पाहतो आहे. मागच्या नोंदीत परमँगनेटचा जांभळा रंग उडाला म्हणून इथिलीन मिळालं असं मी लिहिलं होतं. ते विधान मागे घेतो. इथेनॉलची वाफ स्वतःच परमँगनेटचा रंग घालवते, आणि नळीत थोडं अ‍ॅसिटाल्डिहाइड झालं असेल तर तेही घालवतं. इथेनॉल गंधकाम्लासोबत तापवायच्या जुन्या पद्धतीत सल्फर डायऑक्साइड हाच घोटाळा करतो. त्यामुळे रंगावर विसंबणं सोडलं आणि या खेपेला वायू मोजायचं ठरवलं.

आधी उत्प्रेरकाबद्दल, म्हणजे अ‍ॅल्युमिनाबद्दल, कारण पहिल्या दोन खेपा त्यातच वाया गेल्या. तेव्हा मी वापरलेली पांढरी बारीक पूड पॉलिशसाठीची, म्हणजे खूप वर तापवून अल्फा रूपात गेलेली अ‍ॅल्युमिना होती. तिचा पृष्ठभाग अगदी कमी असतो आणि आम्लधर्मी जागा जवळजवळ उरलेल्या नसतात. हवं असतं गॅमा रूप. ओलावा शोषायला वापरतात त्या सक्रिय अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्या साधारण याच जातीच्या असतात, एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग. खेळ सगळा पृष्ठभागाचा आहे. डब्यावर नुसतं ‘अ‍ॅल्युमिना’ लिहिलेलं असेल तर घेऊ नका.

मांडणी अशी: क्वार्ट्झच्या नळीत 6 ग्रॅम गोळ्या, बाहेरून विजेची भट्टी, सिरिंज पंपाने मिनिटाला 0.1 मिलि इथेनॉल. पुढे बर्फात यू-नळी, मग धुण्याचं पाणी, शेवटी मिठाच्या पाण्यावर उपडी मोजनळी. साध्या पाण्यात इथिलीन थोडं विरघळतं, मिठाच्या पाण्यात त्याहून कमी. नळीतली हवा आधी बाहेर पडते, पण मापात तिने फरक पडत नाही. फक्त चाचणीसाठी सुरुवातीचा वायू घेऊ नये.

तापमापकाची जागा बदलली आणि बरंच काही उलगडलं. आधी थर्मोकपल नळीच्या बाहेर चिकटवला होता. आता टोक गोळ्यांच्या मधोमध आहे. बाहेर 410 दिसत असताना आत 370 होतं! इथेनॉल सुरू करताच आतला आकडा खाली घसरू लागला आणि 350 च्या आसपास थांबला. इथिलीन होताना उष्णता खर्च होते हे पुस्तकात वाचलं होतं, आकड्यात उतरताना पहिल्यांदाच पाहिलं. भट्टी वाढवून आत पुन्हा 370 आणलं.

2 मिलि इथेनॉलमधून (95 टक्क्यांच्या आसपासचं) हिशेबाने 800 मिलि वायू यायला हवा. मिळाला 610. दुसऱ्या दिवशी तीच मांडणी 260 अंशांवर चालवली तर जेमतेम 140, आणि यू-नळीतल्या द्रवाला गोडसर, डोकं जड करणारा वास. तो डायइथाइल इथर. दोन रेणूंमधून एकच पाण्याचा रेणू गेला की इथर, एकाच रेणूतून गेला की इथिलीन. तापमान कमी असलं की पहिली वाट पुढे सरकते.

इथरबद्दल एक कळकळीची विनंती. त्याची वाफ जड असते, टेबलावरून सरपटत जाते आणि 160 ते 180 अंशांच्या पृष्ठभागावर ठिणगी नसतानाही पेटू शकते. भट्टीची बाहेरची भिंतही त्याहून गरम असते. म्हणून यू-नळीचा द्रव भट्टी पूर्ण थंड झाल्यावर, फ्यूम हूडमध्येच उघडा, आणि जमवून ठेवू नका, कारण हवेत त्याचे पेरॉक्साइड होतात.

दुसऱ्या खेपेत भट्टी बंद करताना वायूनळी पाण्यातच राहिली होती. आत निर्वात झाला, पाणी उलटं चढलं आणि गरम काच तडकली. आता पंप थांबला की आधी नळी पाण्याबाहेर काढतो, मगच भट्टी बंद.

गोळ्या बाहेर काढल्या तेव्हा करड्या झाल्या होत्या. एक फोडून पाहिली: कडेला काळी रेघ, मधे पांढरी. कोळसा बाहेरून आत बसत चालला आहे. पुढच्या खेपेआधी याच गोळ्या हवेच्या मंद प्रवाहात 500 अंशांवर तापवून 370 वर पुन्हा 2 मिलि चालवणार आहे. 610 परत येतात का, ते पाहायचं आहे.