मंगळवारच्या लेंड्या

फ्रीझरच्या तळाशी चार पिशव्या पडून होत्या. चारही मंगळवारच्या. माझे नमुने सोमवार आणि गुरुवारचे, त्यामुळे वहीत त्या चौघींपुढे ‘बाद’ लिहून मी मोकळी झाले होते.

काम पिसोरीच्या लेंड्या वेचून त्यांवरून तिचा ताण मोजण्याचं. पिसोरी म्हणजे दोन-तीन किलोचं, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेलं जनावर. नावाला हरीण. शिंगं उगवतच नाहीत, नराला त्याऐवजी सुळे असतात. दिवसा दडून बसायचं, अंधार पडला की चरायला निघायचं. रक्त काढायला धरलं तर त्या धसक्यानंच काही मिनिटांत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढतं, मग मोजलं काय? शिवाय धरपकडीत स्नायू निकामी होऊन जनावर मागाहून दगावू शकतं. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात 2010 साली सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लॅकोन्स या दुर्मिळ प्राण्यांसाठीच्या प्रयोगशाळेबरोबर पिसोरीचं प्रजनन सुरू झालं आणि मोजक्या जनावरांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. आमचा पसारा चार खोल्यांचा.

सकाळी साडेसहाला खोलीत जायचं, चिमट्यानं ताज्या, चकाकणाऱ्या लेंड्या उचलायच्या. मूत लागलेल्या घ्यायच्या नाहीत. पिशवीवर तारीख, वेळ, जनावराचा नंबर, आणि तडक उणे 20 अंशांत. उशीर झाला की जंतू हार्मोनच्या तुकड्यांची आणखी मोडतोड करतात. (त्याच फ्रीझरमध्ये कोणीतरी पाण्याच्या बाटल्या ठेवतं. नोटीस लावून झाली, नोटिशीवर बाटली टेकवून झाली.) मग लेंड्या वाळवायच्या, खलात कुटायच्या आणि चहाच्या गाळणीनं काड्या-तंतू काढायचे. हे गाळणं मी कोणाला करू देत नाही. काडी राहिली की वजन फसतं. 0.2 ग्रॅम भुकटी, 80 टक्के मिथेनॉल, घुसळणं, सेंट्रिफ्यूज, आणि शेवटी 96 खळग्यांची प्लेट. निळा रंग आम्ल टाकताच पिवळा होतो आणि जितका फिका, तितकं हार्मोन जास्त. नवीन मुलं इथे हमखास उलटं वाचतात.

दवाखान्यातला कॉर्टिसॉलचा किट आणून लेंडी तपासणारेही भेटतात. यकृत कॉर्टिसॉलची मोडतोड करतं. लेंडीत उतरतात ते तुकडे. ते धरणारी अँटिबॉडीच लागते, व्हिएन्नाच्या पाल्मे-मोस्टल या संशोधक मंडळींनी बनवली तशी. पण किटबरोबर आलेख फुकट मिळतो, आणि आलेख दिसला की लोक खूश.

असो. सात नंबरची गोष्ट सांगायची आहे.

पिसोरीची मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. म्हणून धडधाकट मादी वर्षभर रिकामी राहिली की चुटपुट लागते. सात नंबर तशी रिकामी. कॉर्टिसॉलची रेघ मात्र तीन महिने सपाट. ‘हे जनावर पूर्ण शांत आहे,’ असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं. मग पावसाळ्यात नर लावला, प्रोजेस्टेरॉनचे, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचे, तुकडे वाढले आणि पाच आठवडे वरच राहिले. गाभण! पिसोरीचा गर्भकाळ पाच महिन्यांचा. सुरुवातीचा काळ नीट टिपावा म्हणून गाइड म्हणाले, दहा दिवस रोज नमुने घे.

पहिल्या दिवशीचा आकडा नेहमीसारखा. दुसऱ्या दिवशीचा जवळजवळ दुप्पट. तिसऱ्या दिवशी आणखी वर. प्लेट बिघडली म्हणून पुन्हा लावली, आकडे तेच. नवव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन खाली घसरलं ते वर आलंच नाही. गाभडली. एवढ्या लहान गर्भाचं जमिनीवर काही सापडत नाही, सगळं आलेखातच.

मी आधी शेजारच्या पिंजऱ्याच्या वेल्डिंगला बोल लावला. मग पब्लिकला, कारण पब्लिक काचेवर नाणी वाजवतंच. पण साडेसहाला कुठलं पब्लिक?

लेंडी आज पडली तरी बातमी कालची देते. कॉर्टिसॉलचे तुकडे आतड्यातून खाली यायला वेळ लागतो. गाईत साधारण 12 तास, लाल हरणात 18. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते. सोमवारी सकाळी मी उचलायची ती रविवारची बातमी, गुरुवारी उचलायची ती बुधवारची. सोमवारी मी खोलीत शिरले, चिमटा वाजला, ती कोपऱ्यात थिजून उभी राहिली, ही बातमी मंगळवारच्या लेंडीत उतरणार. आणि मंगळवारी मी कधीच वेचत नव्हते.

म्हणून त्या चार पिशव्या. कीपर मामांनी झाडताना उचलून ठेवल्या होत्या. ‘ताज्या दिसल्या, म्हटलं मॅडमना लागतील,’ असं तेव्हा म्हणाले होते. मी हसून पद्धतशीर नमुने घेण्यावर त्यांना लेक्चर दिलं होतं. आता चारही कुटल्या, गाळल्या, प्लेटला लावल्या. तीन चढ्या आल्या, एक सपाट. तारीख पाहिली. त्या सोमवारी मला ताप होता आणि सोमवारची पिशवी मामांनीच भरली होती.

चार पिशव्यांवरून काही सिद्ध होत नाही, असं गाइड म्हणतात, आणि ते बरोबर आहे. गर्भ आपोआपही पडतात. अहवालात ‘कारण निश्चित नाही’ असं गेलं. ते वाक्य मीच टाइप केलं. ‘जनावराला हात न लावता’ हे शीर्षकातले शब्दही मीच टाइप केले होते.

‘मामा, तुम्ही रोज आत जाता, मग तुम्हाला कशी भीत नाही?’ मी विचारलं.

‘मी खराटा घेऊन जातो, मॅडम. तिच्याकडे बघत नाही. तुम्ही बघता.’

आता नमुने मामा झाडता झाडता उचलतात आणि मी भिंतीपलीकडे स्टोअरमध्ये थांबते. दिवाळीनंतर सात नंबरला पुन्हा नर लावला. आज त्रेचाळीसावा दिवस, रेघ वर आहे. मामा पिशव्यांवर तारीख, वेळ, नंबर लिहितात आणि खाली आपणहून आणखी एक ओळ घालतात. आजच्या पिशवीवर आहे: ‘7 नंबर. 11 लेंड्या. मॅडम आत आल्या नाहीत.’