आमची वाटचाल : कोयतीपासून घडीच्या चाकूपर्यंत

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोयत्या, विळ्या, पारळ्या होत आल्या. अलीकडे त्या ट्रकच्या जुन्या पाट्यातून. त्या लोखंडाला गंज चढतोच, पण कोयती वरचेवर दगडावर घासली जाते आणि गंज निघून जातो. घडीच्या चाकूला मात्र पोटात सांधा असतो, तिथे दगड पोचत नाही. कुडाळच्या एमआयडीसीत शेड घेऊन आम्ही हे चाकू करायला लागलो, तेव्हापासून आमची निम्मीअधिक डोकेफोड या सांध्यापायीच झाली.

पात्याचं तुलनेने लवकर ठरलं. ४४०सी हे स्टेनलेस पोलाद घेतो, त्यात साधारण एक टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम. पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला, पाती फोंडाघाट चढून कोल्हापूरला जातात, कारण हजार अंशांच्या वरचं तापमान नेमकं धरायचं तर भात्यावर रंग बघून भागत नाही. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर हे पोलाद ६० च्या आसपास जाऊ शकतं. आम्ही मुद्दाम ५७-५८ वर उतरवून घेतो. कारण कालवं. चाकूच्या टोकाने कालवं उचकटू नका असं आम्ही सांगणार आणि गिऱ्हाईक ती उचकटणारच. फार कडक टोक तिथे टिचतं.

धार किती टिकते हे मोजायला इंग्लंडात शेफील्डच्या कॅट्रा संस्थेचं यंत्र आहे. सिलिका मिसळलेल्या कार्डाच्या गठ्ठ्यावर ते पातं ठरलेल्या दाबाने पुढेमागे ओढतं आणि किती कार्ड कापलं गेलं ते मोजतं. आमच्याकडे सुंभ आहे, आणि किनाऱ्यावर पडलेल्या सुंभात वाळू फुकट मिळते! सुंभ कापत राहायचं, मधेमधे वर्तमानपत्राचा कागद चिरून बघायचा. कागद चिरण्याऐवजी फाटू लागला की थांबायचं. यात एक गंमत कळली. आरशासारखी घोटलेली धार नायलॉनच्या दोरावर घसरते, जराशी खरबरीत धार दोर पकडते. म्हणून होडीवर जाणाऱ्या चाकूंना आम्ही शेवटचा घोट देतच नाही.

खाऱ्या पाण्याची कारखानी चाचणी म्हणजे बंद पेटीत ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा. आम्ही समुद्राचं पाणी शिंपडतो, उन्हात वाळवतो, पुन्हा शिंपडतो. होडीवर तसंच होतं. पातं यातून चांगलं निघालं. तरी सर्जेकोटच्या एका खलाशीकाकांनी चाकू परत आणून समोर ठेवला: "धार झकास हा, पण सुरी उघडना नाय."

खोलून पाहिलं तर सांध्यात बारीक खड्डे. स्टेनलेस पोलाद टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या पातळ थरावर, आणि तो थर खरचटला की भरून यायला हवेतला ऑक्सिजन लागतो. सांध्याच्या फटीत खारं पाणी अडकून राहतं, हवा पोचत नाही, आणि पातं वरून चकचकीत असताना आत पोखरलं जातं. त्यात मूठ फणसाच्या लाकडाची. पावसाळ्यात ती फुगायची आणि फट आणखी आवळायची.

मग मूठ कापड आणि रेझिन दाबून केलेल्या मायकार्टाची केली आणि पाठ उघडी ठेवली, म्हणजे पाणी निथळतं, खवलं आणि फणसाचा चीक धुता येतो. ठोकलेल्या रिव्हेटच्या जागी स्क्रू आले, तेही साध्या खाचेचे. ताऱ्याच्या आकाराचे दिसतात छान, पण त्याचा पाना जेटीवर कोणाकडे असतो?

तेलाचा प्रश्न वेगळाच निघाला. आपल्याकडे चीक काढायला खोबरेल, मग सांध्यातही खोबरेल. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे जानेवारीत पहाटे चाकू आखडलेला. आता डबीत शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटलीच देतो.

उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकची तपासणी प्रत्येक चाकूची होते. मूठ व्हाइसमध्ये आवळून पातं मिटण्याच्या बाजूला वजन टांगतो, मग पाठीवर लाकडी हातोडीचे टोले. जरा जरी सरकलं तरी तो चाकू विक्रीला जात नाही. बोटं गिऱ्हाइकाची असतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत जुने चाकू दुरुस्तीला येतात. खोलणं, धुणं, वॉशर बदलणं, धार. फक्त वॉशरचे पैसे घेतो. नारळी पौर्णिमेच्या आत परत हवा असेल तर जूनमध्येच आणून टाका, जुलैच्या शेवटी रांग लागते.