कार्बोरेटरची सुई, पुढचं स्प्रॉकेट आणि ॲव्हरेज: आतापर्यंतचं काम

मोटरसायकल माझ्या हाती आली तेव्हाच तिच्यावर बरंच काम झालेलं होतं. फ्री-फ्लो सायलेन्सर, तेल लावायचा कापडी एअर फिल्टर, कार्बोरेटरमध्ये मूळ मापापेक्षा मोठी दोन्ही जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं: पायलट आणि मेन. इंजिन मात्र साधं: एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, हवेने थंड होणारं, आणि केबलने थेट स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता दट्ट्या, उचलणारा कार्बोरेटर. पिकअप छान होता, पण पेट्रोल भरपूर जात होतं. सगळं उतरवून मूळ स्थितीत नेणं सोपं होतं, पण त्यातून कुठला बदल किती पेट्रोल खातो हे कधीच कळलं नसतं. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि मोजायचं, असं ठरवलं.

आधी मोजण्याची गोष्ट पक्की करायला हवी होती. टाकी फुल करून पुढच्या फुलपर्यंतचे किलोमीटर मोजणं सगळेच करतात. पण गाडी साइड स्टँडवर आहे की मेन स्टँडवर, नोझल कधी बंद पडला, टाकीच्या गळ्यापाशी हवा अडकली का, यावर दीडशे मिली इकडेतिकडे सहज होतं. तीन लिटर भरताना दीडशे मिली म्हणजे 5 टक्के. शिवाय पेट्रोल तापलं की फुगतं, एका अंशाला साधारण 0.1 टक्का. म्हणजे 10 अंशांच्या फरकात 1 टक्का नुसता उन्हाचा. जेटच्या एका मापाने पडणारा फरक याच मापाचा असतो, मग तो दिसणार कसा?

म्हणून वजनाची पद्धत घेतली. एक छोटी वेगळी टाकी फ्रेमवर घट्ट बसवली, पाइपला दोन्ही टोकांना क्लिप लावल्या, आणि ठरलेल्या रस्त्यावर जाऊन परत येण्याआधी आणि नंतर ती टाकी काट्यावर ठेवली. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण 0.74 किलो असतं. तापमानाने आकारमान बदललं तरी वजन बदलत नाही, आणि साधा डिजिटल काटाही काही ग्रॅमपर्यंत सांगतो. जाऊन परत येणं महत्त्वाचं, कारण वारा आणि चढ एका दिशेला मदत करतात. आणि बदल करून मोजलं की तो काढून पुन्हा मोजायचं, मग पुन्हा लावून मोजायचं. तिन्ही वेळा आकडे त्याच बाजूला झुकले तरच तो फरक खरा धरायचा.

आणखी एक सवय लावून घेतली: लिटरला किती किलोमीटर, याऐवजी 100 किलोमीटरला किती लिटर हे लिहायचं. 30 चं 35 झालं तर 100 किलोमीटरला सुमारे 0.48 लिटर वाचतं. 60 चं 65 झालं तर फक्त 0.13 लिटर. ऐकताना दोन्हीकडे "ॲव्हरेज पाचने वाढलं". गाड्यांची तुलना करताना निम्मे वाद इथेच होतात.

मग ॲक्सिलरेटरच्या मुठीवर चिकटपट्टी लावली. मुठीच्या कॉलरवर एक रेघ, स्विचच्या डबीवर पूर्ण बंद ते पूर्ण उघडं याच्या आठ खुणा. रोजच्या रस्त्यावर हात कुठे असतो ते बघायचं. या सगळ्या कामात सर्वांत जास्त याच चिकटपट्टीने शिकवलं. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना रेघ पहिल्या चतुर्थांशाच्या आसपास, बहुतेक वेळा त्याच्याही आत. तीन चतुर्थांशाच्या पुढे फक्त ओव्हरटेक करताना आणि चढावर.

आता कार्बोरेटर आठवा. स्लाइड जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, मग स्लाइडचा कापलेला कोपरा, चतुर्थांश ते तीन चतुर्थांश स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, आणि त्यापुढे मेन जेट. या सीमा एकमेकींत मिसळतात, पण ढोबळ चित्र हेच. म्हणजे "ॲव्हरेज वाढवायला मेन जेट लहान करा" हा सल्ला नेमक्या त्या जागी हात घालतो जिथे गाडी क्वचितच असते. उलट पूर्ण मुठीवर, सर्वांत जास्त उष्णता असताना, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन धोक्यात येतो. मेन जेट मी पूर्ण मुठीवरच्या ओढीसाठी ठरवलं आणि पेट्रोलच्या हिशेबातून बाहेर काढलं.

फिल्टर आणि सायलेन्सरबद्दल लोकांचा गैरसमज फार खोल आहे. "इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की पेट्रोल वाचतं" असं म्हणतात. पूर्ण मुठीवर मोकळा मार्ग ताकद देतो, हे खरं. पण चतुर्थांश मुठीवर हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा स्लाइड स्वतःच असते. तिच्या आधीचा फिल्टर थोडा मोकळा केला तर तीच ताकद मिळवायला मूठ किंचित कमी उघडावी लागते, एवढंच. इंजिनाच्या आत जाणारी हवा तेवढीच राहते. मी स्वच्छ कागदी फिल्टर आणि कापडी फिल्टर आलटून पालटून लावले, तेव्हा स्थिर वेगाचा फरक मोजणीच्या चुकीत हरवून गेला. तुंबलेला फिल्टर मात्र वेगळा. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, बाहेरच्या हवेला उघडा असेल, तर तुंबलेल्या फिल्टरमुळे जेटवरचा दाबाचा फरक वाढतो आणि मिक्स्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. म्हणजे फिल्टर साफ ठेवला की पेट्रोल वाचतं, पण भारी फिल्टर घेतल्याने जास्तीचं काही वाचत नाही.

मग पेट्रोल जात कुठे होतं? पायलट जेटमधून. फ्री-फ्लो लावल्यावर मूठ सोडली की सायलेन्सर फटाके फोडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. स्लाइड बंद असताना मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जातं आणि तिथे हवा मिळाली की फुटतं. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पायलट मोठं करणं. आवाज थांबतो, पण तेच पायलट स्थिर वेगातही पेट्रोल ओतत राहतं, कारण हात त्याच पट्ट्यात असतो. माझ्या गाडीत पाइप आणि हेड यांच्यामधलं गॅस्केट दबून गेलेलं होतं आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. नवं गॅस्केट टाकून नट सारखे कसल्यावर फटाके बरेच कमी झाले. त्यानंतर पायलट एक माप उतरवलं, स्क्रू पुन्हा लावला, आणि काट्यावर पहिला ठळक फरक दिसला. पिकअपवर काडीचाही परिणाम नाही. सायलेन्सरला दोष देण्याआधी हे गॅस्केट जरूर बघा.

पायलटच्या स्क्रूबद्दल एक खूण: स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच.

त्यानंतर सुई. सुईच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत बसलेली क्लिप तिला धरते; क्लिप वरच्या खाचेत सरकवली की सुई खाली जाते आणि मधला पट्टा लीन होतो. सुई एक खाच खाली घेतल्यावर पुन्हा फरक पडला, पायलटइतका नाही पण तिन्ही मोजण्यांत टिकणारा. अजून एक खाच घेतली तेव्हा गाडी स्थिर वेगात हलके झटके देऊ लागली आणि पेट्रोल कमी होण्याऐवजी वाढलं. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल पूर्ण जाळायला 1 भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद साधारण 12.5 ते 13 च्या दरम्यान मिळते, आणि सर्वांत काटकसर 15.5 ते 16 च्या आसपास. त्यापुढे गेलं की मिश्रण हळू जळतं, काही स्फोट चुकतात, आणि चुकलेल्या स्फोटाचं पेट्रोल तसंच बाहेर जातं. मग वेग टिकवायला मूठ आणखी उघडावी लागते. "लीन म्हणजे काटकसर" हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर हे आकडेही खाली सरकतात, 10 टक्क्यांना पूर्ण ज्वलनाचं प्रमाण 14.1 च्या आसपास येतं. शुद्ध पेट्रोलवर अचूक बसवलेलं जेट अशा पेट्रोलवर आपोआप थोडं लीन होतं. त्यातच इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणून इंजिन निर्दोष असूनही ॲव्हरेज थोडं घसरतं.

लीन मिश्रण हळू जळतं, म्हणून त्याला ठिणगी थोडी आधी लागते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून थोडा खाली येतो तेव्हा दाब कळसाला असावा, हे खरं उद्दिष्ट. माझ्या सीडीआयमध्ये (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, ठरलेला आहे, त्यामुळे सुईची ती दुसरी खाच मी परत वर आणली. ॲडव्हान्स बदलता येणारा सीडीआय ज्यांच्याकडे आहे त्यांना तिथेही काहीतरी मिळू शकेल, पण नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याची, टकटक ऐकण्याची तयारी हवी. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल नॉकिंग थांबवतं, स्वतः जास्त ऊर्जा देत नाही. नॉकिंग नसलेल्या इंजिनात ते टाकून उपयोग नाही. इरिडियम प्लगचंही तसंच. जुना, गॅप वाढलेला प्लग बदलला की फरक दिसतो, तो नव्या प्लगचा असतो, इरिडियमचा नव्हे.

आता ज्यावर माझा सर्वांत जास्त जीव आहे तो बदल: पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, 15 दातांचं काढून 16 चं. त्याच वेगाला आरपीएम 6.25 टक्के उतरतो. जिथे 6000 होता तिथे 5625. पण वारा आणि टायर तेवढीच ताकद मागतात, म्हणून इंजिनाला प्रत्येक फेरीत जास्त काम करावं लागतं आणि मूठ जास्त उघडावी लागते. ऐकायला उलटं वाटतं, पण पेट्रोल इथेच वाचतं. स्लाइड जितकी उघडी, तितकी अर्धवट निर्वात जागेतून हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद कमी. आणि फेऱ्या कमी म्हणजे रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह स्प्रिंग यांचं घर्षणही कमी. पेट्रोल इंजिन मध्यम आरपीएमला आणि बऱ्यापैकी ओझ्याखाली सर्वांत कार्यक्षम असतं, आणि मोटरसायकल सपाट रस्त्यावर त्या जागेपासून फार दूर, हलक्या ओझ्यावर चालते. स्प्रॉकेट तिला त्या दिशेला ढकलतं.

हे करताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, मोठ्या स्प्रॉकेटवर चेन कव्हरला घासत नाही ना, आणि मागच्या चाकाची ॲडजस्टमेंट पुरते ना. दुसरी जास्त महत्त्वाची: ओडोमीटरची केबल किंवा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर काही बिघडत नाही, पण गिअरबॉक्सवर असेल तर तो आता खऱ्या अंतरापेक्षा कमी दाखवतो. माझा गिअरबॉक्सवरच आहे, म्हणून किलोमीटरच्या प्रत्येक आकड्याला 16 भागिले 15 ने गुणतो. जे हे करत नाहीत त्यांना स्प्रॉकेट बदलून काही फायदा झाला नाही असं वाटतं, आणि मागचं स्प्रॉकेट लहान केलं तरी तीच गत.

फायदा दिसला, पण सगळीकडे सारखा नाही. मोकळ्या रस्त्यावर चांगला. गर्दीत, जिथे टॉप गिअर लागतच नाही, तिथे जवळजवळ शून्य. समोरून वारा किंवा लांब चढ असेल तर एक गिअर उतरवावा लागतो आणि हिशेब मूळ पदावर येतो. 17 दात लावायचा मोह मी आवरला, कारण इतक्या लहान इंजिनाला टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर रगडलं की ते धडधडतं आणि नॉकिंग सुरू होतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, वाढवण्याचं अजून कागदावरच आहे. आदर्श चक्राच्या सूत्राने 9 वरून 10 केलं तर कार्यक्षमता 58.5 वरून 60.2 टक्के, म्हणजे तुलनेने जवळजवळ 3 टक्के वाढ. खऱ्या इंजिनात उष्णता आणि घर्षण यांतलं बरंच खातात, पण हा फायदा हलक्या मुठीवरही मिळतो, म्हणून मला तो आवडतो. बोअर वाढवणं मात्र या कामाचं नाही. 50 मिलिमीटरचा बोअर 52 केला की सीसी 8 टक्क्यांनी वाढते, आणि त्याच वेगाला स्लाइड आणखी बंद ठेवावी लागते. जास्त ओव्हरलॅपच्या (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) कॅमशाफ्टचंही तेच: वरच्या आरपीएमला जोर, आणि रोजच्या पट्ट्यात सिलिंडरमध्ये जळका वायू मागे राहतो.

फ्युएल इंजेक्शनवाल्यांसाठी थोडं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी स्थिर वेगात मिश्रण स्वतःच 14.7 च्या भोवती धरते, म्हणून फिल्टर किंवा सायलेन्सर बदलल्याने तिथे फारसं काही होत नाही. सेन्सर काढून तिथे बूच लावणं किंवा त्याला फसवणारा जोड घालणं हेच पेट्रोल वाढवतं. आणि रीमॅप, म्हणजे इंजेक्शनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून, घेताना जरूर विचारा, की मूठ सोडल्यावर पेट्रोल तोडण्याची सोय बंद तर केली नाही ना. फटाके थांबवायला ती अनेकदा बंद करतात, आणि उतारावर फुकट मिळणारे किलोमीटर जातात.

पुढचं काम वाइडबँड सेन्सरचं, म्हणजे धुरावरून मिश्रणाचं प्रमाण आकड्यात सांगणाऱ्या सेन्सरचं. प्लगचा रंग बघून सुई लावणं आता पुरत नाही. पाइपवर बुंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून घेतला आहे: हेडपासून पुरेसा लांब, म्हणजे सेन्सर भाजणार नाही, पण सायलेन्सरच्या टोकापासूनही लांब, कारण एका सिलिंडरच्या पाइपात बाहेरची हवा उलटी आत येते आणि आकडा खोटा लीन दाखवते. सेन्सरची मान आडव्यापेक्षा वर ठेवली आहे, आत पाणी साचू नये म्हणून. एका खाचेच्या निम्म्या जाडीचे वॉशर सुईच्या क्लिपखाली घालून पहिल्या आणि दुसऱ्या खाचेच्या मधली जागा शोधायची आहे. वॉशर तयार आहेत. वायर फ्रेमवरून कुठून न्यायची तेवढं ठरायचं आहे, कारण इग्निशन कॉइलच्या जवळून नेली तर सिग्नलमध्ये गडबड येते.