कूलर लावला अन् गारा पडल्या

सकाळी दोन तास घालवून कूलर साफ केला, जुना वाळा काढला तर त्याचा भुसा सगळा केसात, नवा भरला, पंप सुरू केल्यावर असा मस्त वास सुटला की म्हटलं चला, झाला उन्हाळा सुरू. आणि चार वाजता नागपुरात धरमपेठेतून येताना आभाळ काळंभोर, वारा असा की गाडी सरळ चालेना, मग टपाटप गारा, बोराएवढ्या! एका पानठेल्याच्या टिनाखाली पंधरा जण कोंबून उभे, शेजारचा काय बोलून राहिला तेही ऐकू येत नव्हतं.

या आठवड्याचा अंदाज पाहाल तर हसू येते. वर काश्मीर-हिमाचलात बर्फ, कोकणात घामाच्या धारा, आणि मधात आपण. तिकडे भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतो, इकडून बंगालच्या उपसागराचं बाष्प, अन् दोघांची भेट नेमकी विदर्भावर. झिरो माईलचं गाव ना आपलं, सगळ्यांना मधात पडते 😄

पण काटोलला मामाला फोन केला तेव्हा हसू गेलं. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुलणाऱ्या हंगामाची, संत्री आत्ता कुठं गोटीएवढी झाली, गारेचा मार बसला की देठापासून गळतात. मी म्हटलं, मामा यलो अलर्ट आहे, ऑरेंज नाही. तर म्हणे, "कलर नको सांगू रे, तिकडून ढग इकडे येऊन राहिले का ते सांग."

गच्चीवर जाऊन पाहिलं. काटोलकडंच काळं होतं, पण सांगवलं नाही.